दहा रुपयांच्या नाण्यावर हातचलाखी: पहिल्या पकडीपासून पहिल्या प्रयोगापर्यंत

नाण्याची जादू शिकायला बसलेला माणूस सगळं लक्ष नाणं लपवणाऱ्या हातावर ठेवतो. प्रेक्षक मात्र त्या हाताकडे बघतच नसतो. त्याची नजर असते दुसऱ्या हाताच्या मुठीवर, कारण नाणं तिच्यात गेलंय असं त्याला वाटतंय. ती मूठ पोकळ वाटली, की लपवणारा हात कितीही तरबेज असो, पुढचं वाक्य ठरलेलं: "दुसरा हात दाखव बघू!" म्हणून खाली दिलेल्या क्रमात लपवण्याइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, वेळ रिकाम्या मुठीवर जाणार आहे.

वर्णन उजव्या हाताने काम करणाऱ्याला धरून केलं आहे. डावखुऱ्यांनी उजव्याच्या जागी डावा वाचावा.

नाणं कोणतं घ्यायचं

आज जगभर शिकवली जाणारी बहुतेक तंत्रं अमेरिकेच्या अर्ध्या डॉलरवर बेतलेली आहेत. ते नाणं ३०.६ मिमी व्यासाचं आणि ११.३४ ग्रॅम वजनाचं असतं. आपल्या खिशातलं त्याच्या जवळ जाणारं नाणं म्हणजे दहाचं: व्यास २७ मिमी, वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. विसाचं बारा कोनांचं नाणंही २७ मिमीचंच, वजन ८.५४ ग्रॅम. त्याचे कोन तळव्याला छान पकड देतात, पण बोटांवरून सरकवताना अडखळतात. पाचाचं नवं नाणं २५ मिमीचं आहे, लहान हातांना ते सोयीचं. रुपयाच्या नाण्याच्या वाटेला जाऊ नका. इतकं लहान नाणं तळव्यात धरवत नाही आणि चार हातांवरच्या माणसाला दिसतही नाही. दोनाचं स्टीलचं नाणं हलकं आणि निसरडं, सरावाच्या पहिल्या महिन्यात ते नुसता मनस्ताप देतं.

कुणाच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या डब्यात ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया असतो. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि व्यास साडेतीस मिमीच्या आसपास. आकाराने तो जवळजवळ अर्ध्या डॉलरएवढाच, आणि हातात धरल्यावर कळतं की जुने जादूगार चांदीवर का जीव टाकत. तरी सरावाला तो काढू नका. चांदी मऊ असते, फरशीवर पडली की कड चेपते, आणि मग घरात जे होईल ते जादूने मिटणार नाही.

एकाच छापाची, एकाच सालाची चार नाणी जमवा. हे दिसतं तितकं सोपं नाही. दहाची नाणी तोवर १४ वेगवेगळ्या छापांत काढली गेली आहेत आणि सगळी कायदेशीर आहेत, असा खुलासा रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये करावा लागला होता, कारण ठिकठिकाणी लोक ती घ्यायला नकार देत होते. आपल्या दृष्टीने या गोंधळाचे दोन अर्थ. जुळी नाणी हवीत तर बरीच चिल्लर चाळावी लागणार. आणि "दहाचं नाणं चालत नाही" हे वाक्य समोरच्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं असणार. त्या वाक्यावर शेवटचा प्रयोग उभा करू.

नाणं कानशीने घासणं, मधोमध कापणं, दोन नाणी जोडून खोटं नाणं बनवणं असले उद्योग घरी नकोत. २०११ च्या नाणे कायद्याखाली नाणी वितळवणं किंवा नष्ट करणं हा गुन्हा आहे. आणि या लेखातल्या कशासाठीही साध्या नाण्यापलीकडे काही लागत नाही.

हातांबद्दल एक गोष्ट. तळव्यात नाणं टिकायला त्वचेत थोडा ओलावा लागतो. हिवाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात हात इतके कोरडे पडतात की कालपर्यंत बसणारं नाणं आज सटकतं. ग्लिसरीनचा एक थेंब चोळून, पुसून घेतला की काम भागतं. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात उलट तक्रार: घामाने नाणं चिकटतं आणि हवं तेव्हा सुटत नाही. तिथे रुमाल जवळ ठेवणं एवढाच उपाय.

सराव पलंगावर किंवा जाड चादरीवर मांडी घालून करा. नाणं शेकडो वेळा पडणार आहे, आणि रात्री अकरा वाजता फरशीवर पडलेल्या नाण्याचा आवाज खालच्या मजल्यावर नीट पोचतो.

आधी खरं करा

पहिले दोन-तीन दिवस कुठलंही तंत्र नाही. उजव्या हाताने नाणं उचला, डाव्या तळव्यावर ठेवा, मूठ मिटा, मूठ पुढे करा. खरोखर ठेवा. मोबाइल समोर उभा करून चित्रण करा आणि मग आवाज बंद करून बघा.

बघायच्या गोष्टी अशा. डावा हात नाणं घ्यायला पुढे येतो की वाट बघत थांबतो? बोटं मिटताना आधी करंगळी वळते की सगळी एकदम? नाणं सोडल्यावर उजवा हात कुठे जातो? मूठ किती घट्ट असते? अंगठा बाहेर असतो की आत? आणि सगळ्यात महत्त्वाचं, नजर कधी आणि कुठे वळते?

बहुतेकांच्या लक्षात येतं की खऱ्या नाण्याभोवतीची मूठ फार घट्ट नसते, बोटांना नाण्याच्या जाडीची जागा असते. आणि नाणं दिल्यावर देणारा हात बेफिकीरपणे खाली पडतो, त्याला आता काही काम नसतं. ही बेफिकिरी हीच तुम्हाला पुढे नक्कल करायची आहे. हे चित्रण पुसू नका, महिनाभर त्याच्याशी तुलना करावी लागेल.

फिंगर पाम

सर्वांत सोपी आणि आयुष्यभर सर्वांत जास्त वापरली जाणारी पकड. नाणं मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मुळाशी आडवं ठेवा, म्हणजे पहिल्या पेरावर. आता ही दोन बोटं किंचित वळवा. नाण्याच्या दोन कडा बोटांच्या वळणात अडकतात. अंगठ्याचा काहीही संबंध नाही, तो मोकळा राहिला पाहिजे.

हात सोडून उभे राहा. कुणाचाही हात सैल सोडला की बोटं नैसर्गिकपणे थोडी वळलेलीच असतात, त्यामुळे या पकडीत हात खोटा दिसायला काही कारणच नाही. दिसतो तेव्हा कारण एकच असतं: तुम्ही गरजेपेक्षा जास्त दाबताय. नाणं पडेल इतपत ढिलाई द्या, आणि ते पडण्याच्या किंचित आधी थांबा. तो दाब लक्षात ठेवा.

मग नाणं फिंगर पाममध्ये ठेवूनच रोजची कामं करा. दार उघडा, चहाचा कप उचला, मोबाइलवर मेसेज टाइप करा, पिशवी धरा. बसमध्ये उभं राहून वरची कडी धरायची असेल तर नाणं दुसऱ्या हातात घ्या. आठवडाभराने नाणं हातात आहे हे तुम्ही विसरायला लागाल. विसरलात की पुढे जा.

क्लासिक पाम

इथे वेळ लागतो. नाणं तळव्याच्या मध्याशी धरायचं: एक कड अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल उंचवट्याला टेकलेली, समोरची कड मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या खालच्या गादीला. हात पालथा केला तरी नाणं पडत नाही आणि पाचही बोटं मोकळी राहतात.

१. आधी डाव्या हाताने नाणं उजव्या तळव्यावर ठेवा आणि जागा शोधा. प्रत्येकाच्या तळव्यात ही जागा थोडी इकडे-तिकडे असते. नाणं अर्धा सेंटिमीटर करंगळीकडे किंवा मनगटाकडे सरकवत राहा. एका जागी ते जवळजवळ आपोआप बसतं. ती तुमची जागा.

२. अंगठ्याचा उंचवटा अगदी थोडा आत घ्या. अंगठा नाही, उंचवटा. इथेच निम्मे लोक अडकतात, कारण अंगठा तर्जनीला चिकटून ताठ होतो किंवा बाजूला काटकोनात उभा राहतो. दोन्ही लांबून ओळखू येतात.

३. हात हळूहळू पालथा करा. पडलं तर पडू द्या. पडू नये म्हणून दाब वाढवू नका, जागा बदला.

४. पालथ्या हाताने बोटं हलवा. टेबलावर तबल्यासारखी बोटं वाजवा, चुटकी वाजवा, पेन उचला.

५. आता डाव्या हाताची मदत बंद. नाणं उजव्या मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या टोकांवर ठेवा, ती बोटं वळवून नाणं तळव्यात दाबा आणि लगेच बोटं सरळ करा.

६. पाचवी पायरी हात हलत असताना करा. टेबलावरची वस्तू उचलायला हात निघाला, वाटेत नाणं तळव्यात गेलं, वस्तू उचलली. मोठ्या हालचालीच्या पोटात लहान हालचाल लपते. हात स्थिर ठेवून बोटं वळवलीत तर ती वळवळ आंधळ्यालाही कळेल.

पहिल्या तीन पायऱ्यांना एक-दोन आठवडे, सहाव्या पायरीला काही महिने लागणं हे सर्वसाधारण आहे. एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त ताणू नका. अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर तो दिवस संपला. दुखऱ्या हाताने फक्त जास्त दाबायची सवय लागते. फिंगर पाम त्या हातालाही चालतो, तो करा.

कोनांचं भान इथूनच ठेवा. उजवा हात पालथा असेल तर खाली बसलेल्या मुलाला तळवा दिसतो. बोटांमध्ये फट राहिली तर समोरच्यालाही दिसतो. मोबाइल तुमच्या छातीच्या, मग कमरेच्या, मग गुडघ्याच्या उंचीवर ठेवून तीन वेळा चित्रण करा.

थंब पाम, थोडक्यात

नाणं अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, कडेने चिमटलेलं. शिकायला पाच मिनिटं लागतात. कोन वाईट आहेत, अंगठा जखडतो, म्हणून मी याला फक्त एका पकडीतून दुसरीत जाताना लागणारं मधलं स्टेशन मानतो. मात्र ही पकड महाराष्ट्रात अनेकांनी नकळत पाहिलेली आहे. हवेतून विभूती काढणारे बाबा राखेची दाबलेली गोळी साधारण इथेच धरतात, आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते चमत्कारांच्या प्रात्यक्षिकांत ती युक्ती उघड करून दाखवत आले आहेत. त्यांच्या हालचाली कधी बघायला मिळाल्या तर राखेकडे नाही, अंगठ्याकडे बघा.

नाणं "ठेवणं"

बहुतेकांना पहिल्यांदा शिकवला जातो तो फ्रेंच ड्रॉप. डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर कडेने धरलेलं नाणं, उजव्या हाताचा अंगठा खालून आणि बोटं वरून येऊन ते घेतात असं दाखवायचं, आणि प्रत्यक्षात ते डाव्याच हातात खाली पाडायचं. तंत्र चांगलं आहे. पण ते इतकं प्रसिद्ध आहे की शाळेतली पोरंही ओळखतात, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे नाणं अशा विचित्र पद्धतीने कुणी घेतच नाही. तुमच्या पहिल्या चित्रणात तुम्ही नाणं उजव्या हाताने डाव्यात ठेवलंत. मग तेच खोटं करायला शिका.

सोपं रूप आधी. नाणं उजव्या हातात, तळवा वर, बोटांवर फिंगर पामच्या जागी उघडं दिसतंय. डावा तळवा शेजारी. उजवा हात डाव्यावर उलटा करा, जणू नाणं ओततोय. हात उलटताना मधलं बोट आणि अनामिका किंचित वळतात, नाणं तिथेच अडकतं. उजव्या बोटांची टोकं डाव्या तळव्याला स्पर्श करतात आणि त्या स्पर्शाला उत्तर म्हणून डावी बोटं मिटतात. डावी मूठ पुढे जाते. उजवा हात जिथे होता तिथेच राहतो, मग खाली पडतो. एवढंच.

या क्रमात "मूठ पुढे जाते, उजवा राहतो" हे वाक्य अधोरेखित करून ठेवा. नवशिका नेमकं उलटं करतो: नाणं असलेला उजवा हात घाईने मागे घेतो, कारण तो अपराधी आहे. जो हात हलतो तिकडे डोळे जातात.

आता रिटेन्शन पास, ज्यात प्रेक्षक डाव्या मुठीत नाणं अक्षरशः बघतो.

१. नाणं उजव्या अंगठ्याच्या आणि पहिल्या दोन बोटांच्या टोकांवर धरा. अंगठा तुमच्या बाजूला. चिमटीत नाण्याचा छोटासा भाग, बाकी सगळं नाणं पुढे आलेलं आणि चकाकणारं. प्रकाश समोरून किंवा वरून हवा. पाठीमागे खिडकी असेल तर हा परिणाम निम्मा होतो.

२. डावा तळवा वर, बोटं सैल. नाणं तळव्यावर, बोटांच्या मुळाशी टेकवा. चिमूट सोडू नका.

३. डावी बोटं करंगळीपासून एकामागून एक मिटायला लागतात. नाणं त्यांच्या आड जायला लागतं, पण प्रेक्षकाला त्याची वरची कड अजून दिसते.

४. शेवटची कड आड गेली त्याच क्षणी उजवा अंगठा नाणं मागे ओढतो. ते बोटांवरून सरकत फिंगर पामच्या जागी येतं. ही अंगठ्याची एकच छोटी हालचाल आहे, मनगट स्थिर.

५. उजवा हात मुठीतून बाहेर येतो, पाठ प्रेक्षकाकडे, तर्जनी थोडी मोकळी. डावी मूठ नाण्याच्या जाडीइतकी सैल ठेवून वर आणि पुढे जाते.

चौथी पायरी लवकर झाली तर नाणं मागे जाताना चमकतं. उशिरा झाली तर डावी बोटं मिटलेली आणि उजवी त्यांत अडकलेली, असा गुंता दिसतो. लवकर होण्याचं प्रमाण फार जास्त आहे. यावर सरावाची एक युक्ती: दहापैकी सात वेळा नाणं खरोखर डाव्या हातात सोडा, तीन वेळा ओढा, आणि कोणत्या वेळी काय करायचं ते आधी ठरवू नका. मग चित्रण बघून ओळखा. स्वतःचं स्वतःला ओळखू येईनासं झालं की तंत्र बसलं.

वेग हा इथला मोठा गैरसमज. रिटेन्शन पास खऱ्या ठेवण्याइतकाच सावकाश करायचा असतो. ज्या क्षणी तुमचा हात अचानक भरभर चालतो, त्या क्षणी काहीतरी झालं हे प्रेक्षकाला कळतं, काय झालं ते कळो न कळो.

नजर आणि वळण

ब्रिटनमधल्या गुस्ताव कून आणि मायकेल लँड या संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू दोनदा वर उडवतो, तिसऱ्यांदा नुसता हात हलवतो आणि चेंडू हातातच ठेवतो. तिसऱ्या वेळी जादूगाराने वर बघितलं तेव्हा सुमारे दोन तृतीयांश लोकांना चेंडू वर जाऊन नाहीसा झाल्याचं दिसलं. त्याने हाताकडे बघितलं तेव्हा तेच प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास घसरलं. हालचाल तीच, फरक फक्त नजरेचा.

नाण्याला हेच लावा. ठेवताना नाण्याकडे बघा. मूठ मिटल्यावर मुठीकडे बघा. मग प्रेक्षकाच्या डोळ्यांत बघा आणि काहीतरी विचारा. उजव्या हाताकडे एकदाही बघायचं नाही. तो तुमचा नाहीच असं समजा.

वळणाचंही तसंच. खिसे कापण्याच्या कलेसाठी प्रसिद्ध असलेला अमेरिकी जादूगार अपोलो रॉबिन्स म्हणायचा की हात सरळ रेषेत नेला तर बघणाऱ्याचे डोळे झटकन सुरुवातीच्या जागी परततात, कमानीत नेला तर ते हाताबरोबर जातात. त्याला सोबत घेऊन मेंदूशास्त्रज्ञांनी डोळ्यांच्या हालचाली मोजल्या, आणि २०११ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात वक्र हालचालीचा पगडा खरोखर जास्त निघाला. म्हणून डावी मूठ पुढे नेताना सरळ ढकलू नका, लहानशी कमान घ्या. फार मोठी घेतलीत तर ओवाळणी वाटेल.

शटल पास

दोन जुळी नाणी एकच आहे असं भासवायचं असतं तेव्हा हे तंत्र लागतं, आणि प्रेक्षकाला "दोन्ही हात बघितले" असं वाटायला लावणारं याहून स्वस्त काही नाही.

एक नाणं उजव्या हातात फिंगर पाममध्ये लपलेलं. दुसरं डाव्या हातात, तळवा वर, बोटांवर उघडं. डावा हात उजव्याकडे उलटतो, जणू नाणं तिकडे टाकतोय, पण ते फिंगर पाममध्ये अडकून राहतं. त्याच वेळी उजवा हात सुलटा होतो आणि आपलं नाणं दाखवतो. दोन्ही मनगटं एकाच वेळी फिरली पाहिजेत. एक आधी आणि एक मागून फिरलं तर झोपाळा दिसतो. हात एकमेकांपासून चार-पाच बोटांवर असावेत, म्हणजे नाणं खरंच टाकलं असतं तर तेवढंच अंतर गेलं असतं. आवाजाचं भान ठेवा: खऱ्या फेकीत नाणं बोटांवर पडल्याचा हलका टप् असा आवाज येतो, म्हणून उजवा हात सुलटा करताना नाणं बोटांवर किंचित उडू द्या.

आरसा, मोबाइल आणि तोंड

आरसा कोन तपासायला ठीक. पण आरशासमोर एक फसवणूक होते: नेमकं तंत्र करताना डोळे आपोआप मिटतात, त्यामुळे दोष आपल्याला दिसतच नाही. मोबाइल डोळे मिटत नाही. आणि चित्रणात हे मिचकावणंही पकडलं जातं, जे प्रेक्षकालाही दिसत असतं.

तोंड बंद ठेवून केलेला सराव अर्धवट राहतो. हात बिनचूक चालतात, आणि पहिल्या प्रयोगात बोलायला लागलं की अडखळतात. दुसऱ्या आठवड्यापासूनच प्रत्येक वेळी मोठ्याने बोलत करा, वाक्य कितीही साधं असो.

टी. नेल्सन डाउन्स हा अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला. रेल्वेत तारमास्तर होता आणि कामाच्या वेळात नाण्यांशी खेळत शिकला. पुढे १८९९ मध्ये लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये हवेतून नाणी काढून हॅटमध्ये टाकत त्याने नाव कमावलं, आणि एक पकड आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. पन्नास पकडी जमवण्याच्या मागे लागलेल्यांनी त्याच्याकडे बघावं. माणूस अनेक तंत्रांत तरबेज होता, पण लोकांनी लक्षात ठेवला तो एक प्रयोग.

बोटांच्या पेरांवरून नाणं लोळवत नेण्याचा खेळ बहुतेकांना या छंदाकडे ओढतो. जरूर शिका, बोटं मोकळी होतात. फक्त प्रयोगाआधी तो दाखवू नका. "याचे हात भारी चालतात" असं एकदा ठरलं की नंतरच्या प्रत्येक चमत्काराचं उत्तर प्रेक्षकाला आयतंच मिळतं.

पहिला प्रयोग: न चालणारं नाणं

लागतात एकाच छापाची, एकाच सालाची दहाची दोन नाणी, शर्टाच्या खिशात एक पेन, आणि चहा.

पाहुणे यायच्या आधी, किंवा चहा ठेवायला आत जाता तेव्हा, एक नाणं एका कपाच्या बशीखाली ठेवा. ट्रे तुम्हीच बाहेर आणा आणि ती बशी अलगद ठेवा. मग निदान पाच-दहा मिनिटं काहीही करू नका. गप्पा मारा. बशी आणि जादू यांच्यातला धागा वेळच तोडतो, हातचलाखीला ते जमत नाही.

दुसरं नाणं काढा. "काका, हे सकाळी भाजीवाल्याने परत दिलं. म्हणाला, चालत नाही." नाणं त्यांच्या हातात द्या, साल वाचायला सांगा. बहुतेक काका इथे स्वतःची दहाच्या नाण्याची कहाणी सांगतील. सांगू द्या, घाई नाही.

नाणं परत घ्या आणि रिटेन्शन पासने डाव्या मुठीत "ठेवा". मुठीकडे बघा. "आता खरंच चालत नाही का ते बघू." असं म्हणताना उजवा हात खिशातलं पेन काढायला जातो आणि नाणं तिथेच खिशात सोडून पेन घेऊन येतो. तुमचे दोन्ही हात आता स्वच्छ आहेत, आणि प्रेक्षकाच्या मते अजून काही सुरूच झालेलं नाही. हा या प्रयोगाचा गाभा आहे.

पेनने मुठीवर टकटक करा. थांबा. मूठ करंगळीपासून सावकाश उघडा. आता "दुसरा हात दाखव" आलं तरी चालेल. उजवा हात उघडा, पेन त्यांच्याच हातात द्या. मग म्हणा, "चालत नाही म्हणे. चालत चालत तुमच्या बशीखाली गेलं." बशी तुम्ही उचलू नका. काकांना उचलू द्या, साल पुन्हा वाचू द्या.

खिसा सुती आणि सैल असावा. आत दुसरी चिल्लर किंवा किल्ली असेल तर आवाज येईल. आणि घरात तीन-चार वर्षांची मुलं असतील तर नाण्यांची मोजदाद करूनच उठा. असल्या वयात नाणं तोंडात जायला वेळ लागत नाही.

"परत दाखव" असं म्हणतीलच. तोच प्रयोग त्याच बैठकीत परत करायचा नाही, कारण दुसऱ्यांदा त्यांना कुठे बघायचं ते ठाऊक असतं. त्याऐवजी शटल पासचं एखादं छोटं काम दाखवा, किंवा चहा गार होतोय म्हणून सांगा.

बिघडलं तर कुठे शोधायचं

प्रेक्षकाची नजर ठेवता ठेवताच उजव्या हाताकडे गेली, तर तुम्ही तिकडे बघितलंय, किंवा उजवा हात आधी हलवलाय. मूठ उघडण्याआधीच तो हसायला लागला, तर डावी मूठ फार घट्ट आहे किंवा नाणं आड जाण्याआधी मिटली आहे. मूठ उघडल्यावर आश्चर्य वाटलं पण लगेच दुसऱ्या हातावर शंका आली, तर ठेवणं आणि उघडणं यांत अंतर कमी पडलं: मध्ये एक प्रश्न, एक वाक्य, पेन काढण्यासारखं एखादं काम घाला. इटलीत जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेला स्लायडिनी यात अव्वल मानला जातो. त्याचं अंग पुढे झुकलं की प्रेक्षक ताठ होत, तो मागे रेलला की तेही सैलावत, आणि त्याचं काम त्या सैल क्षणात उरकलेलं असे. खुर्चीत बसून करत असाल तर हे आजमावून बघा: ठेवताना थोडं पुढे झुका, मागे टेकता टेकता नाणं सोडा.

आणि नाणं पडलं, तर पडलं. उचला, "भाजीवाला बरोबर होता, चालत नाही, पडतं" म्हणा, आणि पहिल्यापासून सुरुवात न करता नाणं काकांच्या हातात देऊन बशी उचलायला सांगा. एकाची दोन झाली, हाही बरा शेवट आहे.